नाइट सिटीच्या पोलीस आयुक्तांना खुलं पत्र

मा. पोलीस आयुक्त, नाइट सिटी,


परवा आपल्या हद्दीत एक पादचारी माझ्या गाडीखाली आला. जुन्या सवयीने मी आधी पाठीमागे पाहिलं. कोणी नव्हतं. मग सायरन ऐकू आला आणि आपले शिपाई चक्क गाडीतून आले. रस्त्यावरून! त्यांनी पाठलाग केला, पुढे नाकाबंदी लावली. क्षणभर ऊर भरून आला, मग डोकं फिरलं. म्हणजे हे येत होतं तर तुम्हाला?

आपलं शहर ज्या गेममध्ये वसलंय, तो ‘सायबरपंक 2077’ बाजारात आला 10 डिसेंबर 2020 ला. तेव्हा ओसाड गच्चीवर गुन्हा केला तरी आपले हवालदार गुन्हेगाराच्या पाठीशी हवेतून उगवत. दोन गल्ल्या ओलांडल्या की गुन्हा माफ, कारण अख्ख्या खात्याला गाडीतून पाठलाग करता येत नव्हता. मार्च 2021 च्या दुरुस्तीत सुधारणा काय झाली? तर आपण जरा लांबून प्रकट होऊ लागलात. अहो, देवसुद्धा प्रकट होतो तो भक्ताच्या समोर.

हात पसरून पुतळ्यासारखे उभे राहणारे नागरिक मी सोडून देतो. सोनीने आठवड्याभरात गेम स्वतःच्या दुकानातून काढला आणि पुढच्या जूनपर्यंत परत ठेवला नाही, तेही सोडतो.

पण सप्टेंबर 2023 मध्ये गेमचं 2.0 अपडेट आलं, आपण पाठलाग शिकलात आणि जगभर टाळ्या पडल्या. पोलिसांनी चोराच्या मागे धावल्याबद्दल! भाचा म्हणाला, “मामा, आता दे ना एक चान्स.” दिला. त्याच्याच मशीनवर दिला, कारण प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनवर 2.0 आलंच नाही. ज्यांच्याकडे गेम सगळ्यात वाईट चालला, त्यांच्या शहरात आजही जुनेच पोलीस. त्यांना सुधारलेले पोलीस हवे असतील तर नवं यंत्र घ्यावं. भारतात पीएस फाइव्ह आला तोच 49,990 रुपयांना. पैसे पहिल्या दिवशी यांनी मोजले, हसं यांचं झालं आणि दुसरी संधी द्यायलाही खिसा यांनीच रिकामा करायचा? याला संधी म्हणत नाहीत, लूट म्हणतात. नोंदवा गुन्हा.

तुमच्यावर राग नाही हो, साहेब. 2020 च्या एप्रिलमध्ये येणारा गेम सप्टेंबरवर गेला, मग नोव्हेंबरवर, मग डिसेंबरवर. सक्तीचं जादा काम नसेल असं 2019 मध्ये सांगणाऱ्या, गेम बनवणाऱ्या कंपनीने शेवटी वॉर्सातल्या माणसांना आठवड्याचे सहा दिवस राबवलं. तुमच्या शिपायांना गाडी शिकवायची ती त्यांनी, आणि उरला होता एक रविवार. प्रशिक्षण व्हायच्या आधीच तुम्हाला बंदोबस्ताला उभं केलं, आणि शिव्या खायलाही तुम्हीच पुढे. गुंतवणूकदारांना वचनं देणारे तेव्हा गच्चीवर नव्हते.

शनिवारी रात्री जपानटाउनच्या बाजूने येतोय. आपलं मॅक्सटॅक पथक पाच तारे झाल्याशिवाय येत नाही म्हणतात. ती व्यवस्था मी करतो. गाडीत पेट्रोल भरून ठेवा.

आपला,
एक फरार