दोन कळांत सगळं उघडतं

परीक्षा तोंडावर आली की इंजिनिअरिंगच्या पोराला एक भीषण समस्या दिसते: संगणकावरचा प्रोग्रॅम उघडायला माउस हलवावा लागतो! मग तो ओपन सोर्स लाँचर लिहायला बसतो. कळ दाबा, दोन अक्षरं टाका, प्रोग्रॅम हजर. केरनर, रोफी, अल्बर्ट, यूलाँचर, असे फुकट लाँचर आधीच ढीगभर आहेत. पण याला हवा तो रंग त्यांत नाही ना!

सुरतेत उधना-लिंबायतकडच्या खानदेशी घरात रात्री दोनला दिवा दिसला की आई चहा ठेवते, पोरगा अभ्यास करतोय. करतोयच, लाँचरला जीपीएल परवाना द्यावा की एमआयटी, याचा. प्रोसेस, मेमरी, शोधाचे अल्गोरिदम हे सगळं त्याच्या अभ्यासक्रमातच आहे म्हणा, पण पेपरात चालणारा कोड नाही, पाठ केलेली व्याख्या लागते.

टोकलंत तर दाखला तयार: लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली हेलसिंकीत शिकत असतानाच लिनक्स लिहिलं. अगदी खरं. विद्यापीठात तो १९८८ साली दाखल झाला होता आणि पदव्युत्तर पदवी त्याला १९९६ साली मिळाली.