अडीच मिनिटं यंत्राची, बाकी मान्यवरांची

फर्स्ट लेगो लीग या शाळकरी मुलांच्या यंत्रमानव स्पर्धेत एका सामन्यात यंत्रमानवाला मिळतात अडीच मिनिटं. तेवढ्यात आपल्याकडं प्रमुख पाहुण्यांचा सत्कारसुद्धा उरकत नाही. शालीची घडी मोडून नारळ हातात देईपर्यंत यंत्राची पाळी संपलेली असते.

तिथली बक्षिसंही अजबच. सर्वोच्च पुरस्कारात यंत्राच्या कामगिरीला वजन चौथाईच. बाकी गुण रचनेला, संशोधन प्रकल्पाला आणि एकमेकांशी नीट वागण्याला. हा शेवटचा निकष इकडं आणायचा, तर आधी पालकांचं शिबिर घ्यावं लागेल.

आता इकडचं, म्हणजे वाशीमचं बघा. हा जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागं राहिलेल्या, जिल्ह्यांत आहे. सोबतीला गडचिरोली, नंदुरबार आणि आताचं धाराशिव. ४९ निर्देशकांवर जिल्ह्यांचीही क्रमवारी लागते. म्हणजे नंबराचं टेन्शन फक्त पोरांनाच आहे असं नाही, साहेबांनाही आहे.

पोरांसाठी सोय आहे. इन्स्पायर-मानक या शाळकरी मुलांच्या नवकल्पनांसाठीच्या सरकारी योजनेत निवड झाली, की प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये थेट बँक खात्यात. शाळेतल्या अटल टिंकरिंग लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान. त्यात थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, मोटारी.

तरी उद्या रिसोड-मानोऱ्याकडच्या एखाद्या पोरीनं सोयाबीनच्या तासातून चालणारं फवारणी यंत्र केलंच, तर फोटोत मधोमध करंडक धरलेले पाहुणे, दोन्ही बाजूंना संचालक मंडळ, कडेला अर्धी कापली गेलेली पोरगी. यंत्र टेबलाखाली, कारण टेबलावर बुके ठेवायचे होते. खाली ओळ: ‘आदी मान्यवर उपस्थित होते.’