तीन आठवड्यांत परका देश जिंका

आधी कारण शोधा. ते खरं असलंच पाहिजे असं नाही, शेवटच्या बाकावरून दिसलं म्हणजे झालं. 5 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत एक छोटी कुपी उंचावून दाखवली. इराकमधल्या फिरत्या जंतुअस्त्र-प्रयोगशाळांची हकिकत त्यांनी सांगितली ती मुख्यतः 'कर्व्हबॉल' नावाच्या खबऱ्याच्या भरवशावर. आपण थापा मारल्या, हे त्याने 2011मध्ये कबूल केलं. शस्त्रनिरीक्षक हान्स ब्लिक्स आणखी काही महिने मागत होते. नवशिक्यांनी इथे भिडेला पडू नये. मुदत दिली तर काहीच न सापडण्याचा धोका असतो.

मग सोबतकरी जमवा. व्हाइट हाउसच्या यादीत पलाऊ, मायक्रोनेशिया आणि मार्शल बेटंही होती. तिघांकडेही सैन्य नाही, पण लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून छापलेले सगळे काका मांडवात कुठे दिसतात? भारताकडेही सैन्य मागून झालं. वाजपेयी सरकारने जुलैमध्ये नकार कळवला. असे नातेवाईकही निघतात.

लढाई हा त्यातल्या त्यात सोपा भाग. 20 मार्चला सुरुवात, 9 एप्रिलला बगदादमध्ये इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन याचा पुतळा खाली. पहारा मात्र विचार करून लावा. तेल मंत्रालयावर तो चोख होता. राष्ट्रीय संग्रहालयातून सुमारे 15,000 वस्तू लुटल्या गेल्या, त्यांत सुमेरच्या काळातल्याही होत्या. पण त्यांच्यावर गाड्या चालत नाहीत. 1 मे रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी विमानवाहू जहाजावर 'कामगिरी फत्ते'च्या फलकाखाली भाषण केलं. अमेरिकी फौजा निघाल्या डिसेंबर 2011मध्ये.

आता अवघड धडा, सावकाश वाचा. जिंकल्यावर शत्रू उरत नाही, तो नव्याने तयार करावा लागतो. अमेरिकेने नेमलेले कारभारी पॉल ब्रेमर यांनी आधी सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्यांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं. त्यात मास्तर-प्राध्यापकही गेले. सद्दामच्या राज्यात बढती हवी तर पक्षात नाव घालावंच लागे. मग 23 मे रोजी एका आदेशाने त्यांनी अख्खं सैन्य बरखास्त केलं. लाखो माणसं, बंदुकीचा सराव झालेली, घरी पोरंबाळं आणि पगार बंद! निदर्शनं झाल्यावर थोडा भत्ता सुरू केला, पण मान गेला तो गेलाच. जून 2014मध्ये मोसुल घेणाऱ्या आयसिस या दहशतवादी संघटनेच्या म्होरक्यांत याच सैन्यातले जुने अधिकारी निघाले. इतकं टिकाऊ काम क्वचितच होतं.

खर्चाची काळजी नको. सुमारे 12 अब्ज डॉलरच्या नोटा न्यूयॉर्कहून विमानांनी बगदादला गेल्या. त्यांतला बहुतेक पैसा इराकचाच होता. लेखापरीक्षकांना 8.8 अब्जांचा धड हिशेब मिळाला नाही. माणसांचा हिशेब तर ठेवूच नका. आम्ही प्रेतं मोजत नाही, असं सेनापती टॉमी फ्रँक्स यांनी अफगाणिस्तानातच सांगून ठेवलं होतं. 'इराक बॉडी काउंट' या ब्रिटिश गटाने नुसत्या बातम्या आणि नोंदी जुळवल्या, तरी 2011पर्यंत मेलेल्या नागरिकांचा आकडा लाखावर गेला.

आणि सगळंच फसलं तर? घाबरू नका. इराककडे महासंहारक अस्त्रांचे साठे नव्हते, हा अमेरिकेच्याच तपास पथकाचा अहवाल ऑक्टोबर 2004मध्ये जाहीर झाला. डिसेंबरमध्ये बुश यांनी सीआयएचे माजी प्रमुख जॉर्ज टेनेट, फ्रँक्स आणि ब्रेमर या तिघांना देशाचं सर्वोच्च नागरी पदक दिलं.