तेरावा खंड

‘गोनिओझस’ हे बेथिलिडी कुलातल्या लहान परजीवी गांधीलमाश्यांच्या एका प्रजातीचे नाव असून ते फोर्स्टर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये ठेवले. प्रजाती म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट आणि जाती म्हणजे ज्यांचा आपसांत वंश चालतो असा जीवांचा समूह. कोणाची जात कोणती हे ठरवण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नाही. फरक इतकाच की, इथे जातीचा दाखला मामलेदार कचेरीत मिळत नाही, तो सूक्ष्मदर्शकाखाली मिळवावा लागतो. गांधीलमाशी म्हटल्यावर वळचणीला पोळे करणारी, दिसताच माणसाला घराबाहेर पळवणारी ती लांब पायांची बाई डोळ्यांपुढे येते, परंतु गोनिओझस जेमतेम तिळाएवढी, काळी, आणि माणसाच्या अस्तित्वाविषयी संपूर्ण उदासीन असते.

तिला परजीवी म्हणतात, तेही सैलपणे. ऊ किंवा गोचीड हा खरा परजीवी, कारण तो ज्याच्यावर जगतो त्याला मारत नाही. जुन्या गोव्यातला भाटकार, म्हणजे जमीनमालक, आपल्या मुंडकाराला, म्हणजे त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाला, जसा पुढल्या वर्षीच्या वसुलीसाठी जिवंत ठेवी, तसाच हा हिशेब असतो. गोनिओझसची अळी मात्र यजमानाला, म्हणजे ज्याच्यावर ती पोसली जाते त्या कीटकाला, शेवटी संपवते. गोव्यातल्या पेडण्याच्या किनारपट्टीवरील माडांत आणि डिचोलीच्या कुळागरांत ज्या गोनिओझसशी गाठ पडू शकते, तिचा यजमान म्हणजे माडाच्या झावळ्या खाणारी काळ्या डोक्याची अळी. ही अळी पातीच्या खालच्या बाजूला रेशीम आणि स्वतःची विष्ठा यांचे बोगदे बांधून हिरवा भाग खरवडत राहते, त्यामुळे झावळी विस्तव लागल्यासारखी करपते, आणि नारळ पाडणारे पाडेली मिळेनासे झाल्यापासून माडाच्या डोक्यावर काय चालले आहे हे मालकाला झावळी खाली पडल्यावरच कळते.

प्रजाती ओळखण्यासाठी वर्गीकरणकार ओळख-किल्ली वापरतात, म्हणजे एकामागून एक येणारे प्रश्न, ज्यांच्या उत्तरांनुसार वाट फुटत जाते. या कुलाच्या एका शाखेत असा एक प्रश्न शृंगिकेचा, म्हणजे डोक्यावरच्या मिशीसारख्या अवयवाचा असतो: तिचे खंड तेरा असतील तर गोनिओझस, बारा असतील तर बेथिलस. प्रस्तुत लेखकाने पेडण्यात मिळालेल्या एका नमुन्याचे खंड मोजले, ते बारा भरले. बाकीची लक्षणे मात्र गोनिओझसचीच होती. हा विरोधाभास उलगडण्यासाठी पुन्हा मोजणी करण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग उपलब्ध असतानाही, आपल्या हाती अभूतपूर्व असे काहीतरी लागले आहे हा निष्कर्ष लेखकाला अधिक सयुक्तिक वाटला. नव्या जातीला स्वतःचे नाव देणे शिष्टसंमत नसल्याने ते काम त्याने, छायाचित्रे ज्याला पाठवली त्या दूरच्या तज्ज्ञाच्या सद्बुद्धीवर सोडले. तथापि आपल्या आडनावाला लॅटिन षष्ठीचा प्रत्यय लावल्यास ते कसे दिसेल, हे त्याने एका वहीत निरनिराळ्या वळणांनी लिहून पाहिले होते, हे नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. तज्ज्ञ संकोची निघाल्यास स्थळावरून नाव सुचवावे, अशी दुसरी सोयही त्याने करून ठेवली होती. पण ते ‘पेडणेन्सिस’ असावे की ‘पर्नेमेन्सिस’, या प्रश्नापाशी येऊन त्याचे संशोधन थांबले.

हा प्रश्न वाटतो तितका गौण नाही. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अग्रक्रमाचे तत्त्व आहे. एकाच प्राण्याला दोन नावे पडली असतील तर सामान्यतः आधीचे नाव ग्राह्य धरायचे, आणि नंतरचे ‘समानार्थी नाम’ म्हणून अडगळीत टाकायचे. माडावरच्या त्या अळीच्या पतंगाला मेरिक या कीटकशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये ‘नेफँटिस सेरिनोपा’ म्हटले. अनेक वर्षे सारे कृषिखाते त्याच नावाने तिच्या नावे बोटे मोडत राहिले. पुढे लक्षात आले की वॉकर या कीटकशास्त्रज्ञाने १८६४ मध्येच त्याला ‘ओपिसिना अरेनोसेला’ हे नाव देऊन ठेवले होते. मेरिक यांचे नाव गेले. मधल्या काळात, १९३४ मध्ये, मुझेबेक या अमेरिकी शास्त्रज्ञाने या गांधीलमाशीचे बारसे यजमानावरून ‘नेफँटिडिस’ असे केले होते. त्यांनी तिला ज्या प्रजातीत घातले होते तीही पुढे बदलली आणि ती गोनिओझसमध्ये आली, पण जातीचे नाव नियमाप्रमाणे तसेच राहिले. त्यामुळे आज ती अस्तित्वात नसलेल्या यजमानाचे नाव लावून फिरते. गोव्यात ज्यांनी टपाल खात्यात, वीज खात्यात आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर स्वतःची तीन नावे पाहिली आहेत, त्यांना याचे नवल वाटू नये.

पेडण्यालाही अशीच दोन नावे आहेत, पेडणे आणि पर्नेम. पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ मध्ये. कोकणीतले ‘पेडणें’ त्यांच्या लिपीत उतरताना ‘ड’चा ‘र’ झाला, आणि शेवटचा अनुनासिक दाखवण्यासाठी त्यांच्या रिवाजाप्रमाणे ‘म’ आला. तो ‘म’ उच्चारायचा नसतो, नाकातून सोडून द्यायचा असतो. डिचोली, दिवचल आणि बिशोली ही तिन्ही नावे तर एकाच तालुक्याची आहेत, हे परक्या माणसाला शपथेवर सांगावे लागते. हे सारे विनोदी आहे. परंतु १९६१ मध्ये पोर्तुगीज गेल्यानंतर इतकी दशके लोटूनही रोमन पाटीवरचा तो मुका ‘म’ बाहेरून आलेला माणूस ठणठणीत उच्चारतो, आणि हल्ली पेडण्यातच जन्मलेली मुलेही आपण ‘पर्नेम’ची आहोत असे सांगतात, तेव्हा प्रस्तुत लेखकाचा विनोद आटतो. नाव चुकीचे लिहिले गेले याचा राग फारसा नाही. लिहिण्यातली चूक तोंडात गेली, याचा आहे.

या रागाच्या भरात मूळ नमुन्याविषयी सांगायचे राहिले. तो करपलेल्या झावळीच्या एका बोगद्यात सापडला, तेव्हा एकटा नव्हता. गोनिओझसची मादी अळीला नांगी मारून लुळी करते, तिच्या अंगावर साधारण डझनभर अंडी ओळीने घालते आणि बहुतेक कीटकांप्रमाणे निघून न जाता तिथेच थांबते. दुसरी मादी आली तर झुंजते, कारण आलेली मादी आधीची अंडी नष्ट करून यजमान बळकावते. या झुंजीत आकाराने मोठी मादी बहुधा जिंकते, पण बरोबरीचा सामना असेल तर आधीपासून बसलेलीचे पारडे जड असते. झावळीची पात उलगडली तेव्हा ही मादी पळाली नाही. अळीच्या पाठीवर चिकटलेल्या पांढुरक्या पिल्लांभोवती ती शृंगिका हलवत फिरत राहिली, आणि पुढे आलेल्या चिमट्याच्या टोकाकडे वळून उभी राहिली. तिला मद्यार्काच्या कुपीत टाकणे अवघड गेले नाही, कारण ती जागा सोडत नव्हती. खंड मोजल्याशिवाय नाव कळत नाही, आणि जिवंतपणी ती मोजू देत नाही, हे शास्त्राचे म्हणणे बरोबर आहे. पिल्लांचे पुढे काय झाले हे लेखकाने पाहिले नाही. तो त्या वेळी वहीत प्रत्यय लावत होता.

यथावकाश तज्ज्ञाचे उत्तर आले. नमुना गोनिओझस नेफँटिडिसचा असून, त्रिकोणी पुठ्ठ्याच्या टोकाला चिकटवताना शृंगिकेचा शेवटचा खंड तुटलेला दिसतो, तो डिंकात शोधावा, असे त्यात सुचवले होते. तो तिथेच होता. उत्तराच्या शेवटी तज्ज्ञाने एक शंकाही विचारली होती: नमुन्याखालच्या दोन चिठ्ठ्यांपैकी एकीवर ‘पेडणे’ आणि दुसरीवर ‘पर्नेम’ असे लिहिले आहे, तर ही दोन स्थळे एकमेकांपासून किती अंतरावर आहेत? प्रस्तुत लेखकाने या प्रश्नाचे सविस्तर उत्तर त्याच रात्री नऊ पाने भरून लिहिले. त्यात गांधीलमाशीचा उल्लेख नव्हता.