कावळ्याची घाई

माजी सैनिक अचानक गेला की त्याच्या घरच्यांच्या पाठीशी आपण कसे उभे राहतो, याबद्दल अलीकडे बरीच कुरकुर ऐकू येते. मदत उशिरा पोचते, तोकडी पोचते, कधी वाटेतच बसते, असे काही उतावळे लोक म्हणतात. मला ते पटत नाही. पाठीशी उभा राहिलेला माणूस दिसत नाही, कारण तो पाठीशी असतो. एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात येऊ नये, याचे नवल वाटते.

मुळात फौजी माणसाने कुठे आणि कधी मरावे, याचे आपले काही संकेत आहेत. सीमेवर गेला तर तिरंगा, बिगुल, बंदुकांची सलामी, पालकमंत्री आणि रस्त्याच्या दुतर्फा शाळेची पोरे. ते योग्यच आहे. आमच्या आळीतल्या हवालदारांनी पलटणीत २४ वर्षे काढली. एवढ्या काळात त्यांना मरायची संधी आली नसेल असे नाही. ती दवडून ते पेन्शनीत आले, तालुक्याला एका एटीएमवर रात्रपाळीचे राखणदार झाले आणि एका पहाटे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. वय ५६. जागा चुकली, वेळ चुकली, अंगावरचा गणवेशही चुकला. अशा मरणाचे समाजाने तरी काय करावे?

तरीही आपण हात आखडता घेतला नाही. शेवटी हा सातारा जिल्हा आहे. इथे अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेले आहे आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या ४६ जणांचे स्मारक गावात उभे आहे. स्मारकाचा मोठा गुण असा, की एकदा उभारले की त्याला दरमहा काही द्यावे लागत नाही. आमच्या आळीने दगडाऐवजी फ्लेक्स निवडला. दुपारच्या आत तो चौकात लागला. हवालदारांचा फोटो जरा लहान आला आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे मोठे आले. पण पंचायतीची निवडणूक हवालदारांना लढवायची नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे. मित्रमंडळींचे दुःख तर फारच खोल होते. कॅन्टीनची बाटली सवलतीत आणून देणारा माणूस गेला की पोकळी ही उरतेच. हवालदारांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, धीर द्यायला आलेल्यांपैकी दोघांनी, ते कार्ड आता कुणाच्या नावावर होईल, याची आपुलकीने चौकशी केली.

याबाबतीत खुद्द हवालदारांचेही कौतुक केले पाहिजे. घरात त्यांची काळी ट्रंक होती, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. किल्ली करदोट्याला. पेन्शन किती, खाते कुठले, विमा कसला, कागद कुठे, यातले अवाक्षर त्यांनी बायकोला कधी कळू दिले नाही. देशाची गुपिते राखायची सवय त्यांनी घरीही मोडली नाही. अनेक माजी सैनिकांच्या घरी ही शिस्त आजही पाळली जाते, आणि ती मोडायला कुणी सांगितल्याचे ऐकिवात नाही.

ट्रंक उघडली, कागद निघाले आणि काकूंचे शिक्षण सुरू झाले. लग्नात त्यांचे नाव बदलले होते. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले ते नवे नाव पलटणीच्या दप्तरी गेले. आधार कार्डावर मात्र माहेरचे आले. जन्मतारीख एकीकडे १ जून, दुसरीकडे १ जानेवारी. दोन्ही दुसऱ्यांनीच ठरवलेल्या. त्यामुळे हवालदारांना दोन बायका असाव्यात आणि समोर बसलेली बाई त्यांपैकी एकही नसावी, अशी रास्त शंका एका कार्यालयात निघाली. ‘‘मग तीस वर्सं मी कुणाच्या भाकरी थापल्या?’’ काकूंनी विचारले. प्रश्न बिनतोड होता. पण तो शपथपत्रावर नव्हता.

व्यवस्था मंद आहे, हा आरोपही तपासून पाहू. हवालदार २७ तारखेला गेले आणि खात्यावर निवृत्तिवेतन अख्ख्या महिन्याचे जमा झाले. नियमाप्रमाणे ते मृत्यूच्या दिवसापर्यंतचेच देय असते. वरच्या तीन दिवसांचे पैसे आठ दिवसांत परत गेले. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला अकरा महिने लागले, हे खरे. पण घेण्यातली चपळाई पाहिली की यंत्रणा थकलेली आहे असे कोण म्हणेल?

रकमेतही दूरदृष्टी आहे. सुरुवातीला वाढीव दराने, आणि तेही सात वर्षे किंवा गेलेला माणूस जगता तर ६७ वर्षांचा झाला असता त्या दिवसापर्यंत, यांपैकी जे आधी संपेल तोवर. त्यानंतर अखेरच्या पगाराच्या ३० टक्के. किमान ९,००० रुपये आणि वर महागाई भत्ता. माणूस गेल्यावरही त्याचे वय इतक्या काळजीने मोजत राहणारे दुसरे कोण आहे? घरचेसुद्धा वाढदिवस विसरतात.

आता हा सारा कारभार प्रयागराजहून ‘स्पर्श’ नावाच्या संगणक प्रणालीवर चालतो. नाव मोठे हळुवार आहे. वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत, हे तिला कळवायचे असते. काकू ई-सेवा केंद्रात गेल्या, यंत्रावर अंगठा ठेवला. ऊस खुरपून आणि शेणाने सारवून बोटांच्या रेघा झिजलेल्या. उजवा अंगठा झाला, डावा झाला, दहाही बोटे झाली, ठसा उमटेना. यंत्राच्या मते तिथे कोणी बसलेलेच नव्हते. काकूंनी वाद घातला नाही. एव्हाना त्यांचेही मत यंत्राच्या मताच्या बरेच जवळ आले होते.

आणि समाज विसरतो, असे तर कुणी म्हणूच नये. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला आपण ध्वजदिन पाळतो, निधी जमवतो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असा छोटा कागदी ध्वज खिशाला टोचतो. संध्याकाळी शर्ट धुवायला टाकताना तो न विसरता काढून ठेवतो. गेल्या १५ ऑगस्टला काकूंना मंचावर बोलावून शाल आणि नारळ दिला. चौकातला तो फ्लेक्स तर पहिल्या पावसाळ्यापासून त्यांच्या गोठ्यावर आहे. सरींची झड त्याने थोपवली, शेळ्या कोरड्या राहिल्या. एवढी एक मदत मात्र अगदी वेळेवर पोचली.

सगळ्या प्रकरणात दोष द्यायचा तर मी एकालाच देईन. दहाव्याला कृष्णाकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अर्धा तास तो बाभळीच्या फांदीवर मान वाकडी करून बसला. ऊन चढू लागले. भटजी म्हणाले, ‘‘मागे काही इच्छा राहिली असेल, तर बोला.’’ सरपंच पुढे झाले, हात जोडून म्हणाले, ‘‘हवालदार, वहिनींची काळजी करू नका. पेन्शनीचं आम्ही बघतो.’’ सोसायटीचे चेअरमन म्हणाले, ‘‘पोराच्या नोकरीचं माझ्याकडं लागलं.’’ वाक्य संपायच्या आत कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. सगळ्यांनी डोळे पुसले. पाठोपाठ मोटारसायकली चालू झाल्या.

याला तीन वर्षे झाली. पोरगा अजून वडिलांच्याच खुर्चीत, त्याच एटीएमवर रात्रपाळी करतो. आणि मला राहून राहून त्या कावळ्याचा राग येतो. त्याने शपथपत्र मागितले नाही, ठसा घेतला नाही, नावांचा मेळ पाहिला नाही. नुसत्या तोंडी शब्दावर अर्ध्या तासात प्रकरण निकाली काढले. आपल्या कुठल्याही टेबलावर असला भोंगळपणा खपला नसता.

काकू मात्र रोज सकाळी गोठ्यावर त्याच्यासाठी भाकरीचा तुकडा टाकतात. कारण विचारले, तर म्हणाल्या, ‘‘त्याला बी फसवलंच की, माझ्यावानी.’’

दुःखात माणूस असे काहीबाही बोलतो. आपण ते मनावर घेऊ नये. आजवर घेतलेलेही नाही.