तिसरी वेधशाळा

चेन्नईचा पाऊस नुंगंबाक्कम आणि मीनंबाक्कम अशा दोन मुख्य ठिकाणी मोजतात. तिसरं ठिकाण म्हणजे काकांची कंबर. नुंगंबाक्कमच्या वेधशाळेचा वारसा १७९२चा. पण अंदाज चुकला की ती गप्प बसते. काका गप्प बसत नाहीत. त्यांना बसताच येत नाही, बसलं की कळ येते. हे ते समोर बसून, फिल्टर कॉफीचा दुसरा टंबलर संपेपर्यंत सांगतात.

नोकरीपायी मद्रासला आलेल्या आणि पेन्शनीत निघून इथेच राहिलेल्या मराठी मंडळींत असा एक कंबरतज्ज्ञ असतोच. शर्टावरून पट्टा आणि काखेत एमआरआयचा भलामोठा लिफाफा, ही त्याची खूण. "कसे आहात?" हे आपण रीत म्हणून विचारतो, काका खरोखर उत्तर देतात.

तमिळ त्यांना कंबरेपुरतं येतं. रिक्षात बसले की "मेदुवा, मेदुवा" (हळू, हळू) हा जप सुरू. हाय रोडवरच्या खड्ड्यांना त्यांनी मणक्यांचे नंबर दिलेत: हा एल-फोर, तो एल-फाइव्ह. उपायही सगळे झालेत. पुत्तूरचे हाडं बसवणारे झाले, केरळचं तेल झालं, शेजारच्या मामींनी सांगितलेला मिठाचा शेक झाला. अमृतांजनाशी तर नातंच. ते १८९३ साली मुंबईत जन्मलं आणि पुढे मद्रासला आलं. "आमच्यासारखंच," काका म्हणतात.

पाहुणा आला की एमआरआयची फिल्म ट्यूबलाइटपुढे धरली जाते. "बघा, चकती कशी फुगलीये!" डॉक्टरांनी त्यांना एकदा सांगून पाहिलं, की कंबर दुखत नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय अमेरिकेत तपासले होते. १९९४ साली ते छापूनही आलं. निम्म्याहून जास्त लोकांची निदान एक चकती फुगलेली निघाली! काका हळहळले, "अरेरे, त्या बिचाऱ्यांना अजून पत्ताच नाही."

मग पावसाचा विषय निघाला. सिडनीत हजारेक रुग्णांवर अभ्यास झाला. तापमान, दमटपणा, पाऊस यांतल्या कशाचाही कंबरदुखीशी संबंध सापडला नाही. "सिडनीत ईशान्य मोसमी पाऊस पडतो का?" काकांनी विचारलं. डॉक्टर निरुत्तर.

तरी डॉक्टरांनी हिय्या करून धोक्याच्या खुणा विचारल्या. लघवी-शौचावरचा ताबा गेलाय? बैठकीची जागा बधिर झालीये? पायातली शक्ती कमी होतेय? ताप? कारण नसताना वजन उतरलंय? काका प्रत्येक प्रश्नाला आशेने आठवून बघत होते. एकही खूण जुळेना. वजन तर तुपाळ पोंगलमुळे वाढलेलं. "यातलं काही झालं तर तडक या," डॉक्टर म्हणाले. "एरवी अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत सुटते. अंथरूण धरलं की दुखणं लांबतं. तुमचं जुनं झालंय, त्याला हालचाल हवी. पट्टा आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात नकोत, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ साली सांगितलंय. रोज चाला."

फुकटचा सल्ला, त्यात गोळी नाही, फिल्म नाही! काका खट्टू झाले. पण डॉक्टरांचा शब्द मोडवेना, म्हणून चालू लागले. रोज एकेका घरी, कंबरेची ताजी हकीगत पोचवायला. चार जिने चढायचे, चार उतरायचे. महिन्याभरात काकूंनी पाहिलं, की स्वयंपाकघरात पडलेलं झाकण काकांनी सहज वाकून उचललं. 'आई गं'सुद्धा म्हणाले नाहीत.

"अहो, कंबर बरी झाली तुमची!"

काकांनी घाईघाईने दार लावून घेतलं. "हळू बोल. रविवारी असोसिएशनची निवडणूक आहे. कळलं तर मला सेक्रेटरी करतील."