देऊन टाकीन संस्थेला!

मराठी घरातलं दान बहुतेक वेळा रागातून जन्मतं. थोरल्याने महिनाभर फोन केला नाही, सूनबाईंनी चहात साखर कमी घातली (डॉक्टरांनीच सांगितलं होतं), की अण्णा गरजतात, "फ्लॅट देऊन टाकीन अनाथाश्रमाला!" कुठल्या, ते विचारू नका. अण्णांनी एकाही अनाथाश्रमाची पायरी चढलेली नाही. त्यांचं आजवरचं दान म्हणजे गणपतीची ५०१ ची पावती आणि शाळेला दिलेला एक पंखा. त्याच्या तिन्ही पात्यांवर 'कै.' सकट वडिलांचं नाव. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, ही अण्णांची शाळेकडे जुनी तक्रार आहे.

गोव्यातल्या अण्णांना इतकं गरजता येत नाही. तिथे पोर्तुगीज कायद्यापासून मुलांचा हिस्सा राखीव आहे, २०१२ च्या वारसा कायद्यानेही तो राखला. आपल्या वाट्याच्या निम्म्यापुरतंच मृत्युपत्र करायचं. मुस्लिम कायद्यात वारसांची संमती नसेल तर एक तृतीयांशापर्यंत. आमच्या हिंदू अण्णांना मात्र स्वकष्टार्जित सगळंच कुणालाही देण्याची मुभा, म्हणून आवाज शेजारच्या विंगेपर्यंत.

सरकारचा कल कुठे आहे, तेही बघा. महाराष्ट्रात राहतं घर हयातीत मुलाला बक्षीसपत्राने द्या, मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. तेच संस्थेला द्या, तर विक्रीखतासारखं बाजारभावावर. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साहजिकच आमचं औदार्य मरणोत्तर.

त्यातही सगळ्यांचं लाडकं कलम म्हणजे, 'मुलांना पन्नास लाख, उरेल ते संस्थेला.' अतिदक्षता विभागात पंधरा दिवस काढले की काय उरतं, ते ज्याच्या घरी बिल आलंय त्याला विचारा. उलट लिहिलं, 'संस्थेला पंचवीस लाख, उरेल ते मुलांना', तर ठरलेली रक्कम आधी संस्थेची आणि बिलाचा खड्डा मुलांच्या वाट्यात. वकील सांगून दमतात: टक्के लिहा. मुलांना ऐंशी, संस्थेला वीस. आटलं तर दोघांचंही आटेल. आणि संस्थेचं नाव तिच्या नोंदणी क्रमांकासह घाला, 'पुण्यातली ती अंधांची शाळा' असं नको. अण्णांना पटत नाही. वीस टक्क्यांना कोण घाबरतं?

एखादे अण्णा मात्र खरंच लिहून जातात आणि पोरांना सांगत नाहीत. तेराव्यानंतर कपाटातून कागद निघतो. संस्थेच्या चिटणीसांना आधी गहिवरून येतं, मग ते फ्लॅट बघायला जातात. दार थोरला उघडतो, कारण तो सहकुटुंब तिथेच राहतोय. मृत्यूपूर्वी वडिलांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं त्याचं म्हणणं, धाकट्याचंही तेच. भावाभावांचं पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एकमत झालेलं असतं. खटला कधीतरी संस्थेने जिंकला, तरी फ्लॅट विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. तोवर सोसायटीचा मेंटेनन्स संस्थेच्या नावाने चढतोय. फ्लॅट मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने (एक्झिक्युटरने) विकावा आणि संस्थेला पैसे द्यावेत, एवढी एक ओळ त्यात असती तर? पण मग फ्लॅटच्या दारावर अण्णांच्या नावाची संगमरवरी पाटी कशी लागणार? पाटीवरचा मजकूर मृत्युपत्रात सव्वा पान आहे.